‘मॅडम, आता बरं वाटतंय’

जुलै २००९. वसई-विरारची महापालिका त्याच महिन्यात जन्माला आली होती. रस्त्यावरचे खड्डे मात्र तिच्यापेक्षा वयाने मोठे. चर्चमागच्या मैदानात घोट्यापर्यंत चिखल, गावाविरुद्ध गाव असा फुटबॉलचा सामना. सतरा वर्षांच्या गोलकीपरच्या कानशिलावर समोरून धावत आलेल्याचा गुडघा बसला. पोरगा पडला, उठला, स्वतःच्या पायांनी जागेवर गेला. मी धावत जाऊन मानेवर गार स्प्रे मारला, दोन बोटं दाखवून ‘किती?’ विचारलं. ‘दोन,’ तो म्हणाला. मी पंचांना अंगठा दाखवला.

पुढच्या वीस मिनिटांत त्याने मला तीनदा विचारलं, ‘मॅडम, स्कोअर काय?’ मीही तीनदा सांगितलं. दोन-एक, आपण पुढे. माझ्या डोक्यात काही वाजलंच नाही. फिजिओथेरपीची पदवी घेऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

घरी जाताना त्याला रिक्षात उलट्या झाल्या. रात्री सीटी स्कॅन झाला, तो स्वच्छ आला, आणि मी हुश्श केलं. त्यानंतर दोन महिने तो मुलगा क्लासच्या ट्यूबलाइटखाली अर्धा तास बसू शकत नव्हता. बारावीचं वर्ष होतं त्याचं.

तेव्हापासून नायगाव ते विरार या पट्ट्यात डोक्याला मार लागलेले खेळाडू बघत आले आहे. फुटबॉल, कबड्डी, खो-खो, क्रिकेट, आणि आता गल्लोगल्ली झालेले टर्फ. मी डॉक्टर नाही. परत खेळायला सोडताना शेवटची सही डॉक्टरांची. पण त्या सहीपर्यंतचे दिवस खेळाडू माझ्याकडे काढतो. त्या दिवसांनी जे शिकवलं ते आठवेल तसं मांडते.

१. करवंटीला चरा नाही म्हणजे गोटा शाबूत, असं नाही.

वसईत पालकांना समजावताना मी नारळच हातात घेते. सुकलेला नारळ कानाशी हलवला की आत गोटा खडखडतो, वरून काही दिसत नाही. कन्कशन हे तसं. डोकं झटक्याने हललं की मेंदू आत हादरतो. त्यासाठी डोक्यावरच मार बसायला हवा असं नाही, छातीवर जोरात धडक बसून मान हिसडली तरी पुरतं. शुद्ध हरपायलाच हवी असंही नाही. बहुतेकांची हरपत नाही.

सीटी स्कॅनमध्ये हाड मोडलेलं दिसतं, रक्तस्राव दिसतो. कन्कशनमध्ये बिघडतं ते पेशींचं कामकाज. आतबाहेर जाणाऱ्या क्षारांचा हिशेब चुकतो, तो सावरायला पेशींना जास्त इंधन लागतं आणि नेमका तेव्हाच पुरवठा आखडलेला असतो. हे स्कॅनमध्ये उमटत नाही. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आलाय, उद्यापासून पाठवू ना?’ या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: रिपोर्टने जीव वाचलाय एवढंच सांगितलं, खेळाचं काही सांगितलेलं नाही. हेल्मेटचंही तेच. ते कवटी फुटू देत नाही, पण आतला हादरा थांबवणं त्याच्या हातात नाही.

आपल्याकडे याला ‘मुका मार’ म्हणतात. शब्द फार नेमका आहे, आणि त्यानेच घात होतो. रक्त नाही, टेंगूळसुद्धा नाही, मग कोण कशाला थांबणार?

२. दोन बोटं दाखवणं ही तपासणी नव्हे.

मैदानावर मी आधी बघते ते धोक्याच्या खुणांकडे. मान दुखतेय का, दोन-दोन दिसतंय का, हातापायाला मुंग्या किंवा कमजोरी आहे का, डोकेदुखी वाढतेय का, उलटी, झटका, गुंगी, किंवा एरवी शांत असलेला मुलगा अंगावर धावून येतोय का. यातलं एकही असलं तर पुढचे प्रश्न विचारत बसायचं नाही, रुग्णालय गाठायचं. मान दुखत असेल तर तज्ज्ञ येईपर्यंत हलवायचंही नाही. आपल्याकडे पडलेल्याला बगलेत हात घालून उभं करायची आणि कांदा हुंगवायची फार घाई असते.

पहिल्या काही तासांचं भय मला क्रिकेटपटू रमण लांबांमुळे आहे. २० फेब्रुवारी १९९८, ढाका. क्लबचा सामना, षटकातले थोडेच चेंडू उरलेले म्हणून हेल्मेट न घालता ते फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे राहिले. चेंडू कपाळाजवळ लागला. ते उठले आणि चालत ड्रेसिंग रूममध्ये गेले. आत रक्तस्राव होत होता. तीन दिवसांनी ते गेले. ‘चालत गेला ना, मग ठीक आहे’ असं मैदानावर कुणी म्हणालं की मला ते आठवतात.

खुणा नसतील तर प्रश्न. जगभर वापरतात ते प्रश्न अगदी साधे आहेत: आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चाललाय की दुसरा? शेवटचा गोल कुणी केला? मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलो? जिंकलो का? माझ्या गोलकीपरने यातल्या एका प्रश्नाचं उत्तर न विचारताच तीनदा चुकवलं होतं.

सविस्तर तपासणीसाठी स्कॅट-६ नावाचा नमुना आहे, तेरा वर्षांपुढच्यांसाठी; आठ ते बारा वयाच्या मुलांचा वेगळा. बावीस लक्षणं, प्रत्येकाला शून्य ते सहा गुण. दहा शब्द ऐकून लगेच आणि मग निदान पाच मिनिटांनी पुन्हा सांगायचे. आकडे उलटे म्हणायचे, महिने उलटे म्हणायचे. कमरेवर हात ठेवून, डोळे मिटून वीस सेकंद तोल सांभाळायचा. ही तपासणी पहिले तीन दिवस सर्वांत उपयोगी, आठवड्यानंतर तिची धार जाते. त्यापुढे डॉक्टर दवाखान्यातला दुसरा नमुना वापरतात.

अडचण भाषेची. मूळ शब्द इंग्रजी. आमच्याकडे घरात सामवेदी, शाळेत मराठी, मैदानावर हिंदी, कुणाच्या घरी गुजराती. मराठी माध्यमातली ठणठणीत मुलंसुद्धा जानेवारी-फेब्रुवारी उलटे म्हणताना ऑगस्टपाशी अडखळतात. म्हणून मी मैदानावर अंदाज घ्यायला एक घरगुती प्रश्न ठेवला आहे: बोरिवलीहून विरारपर्यंत स्टेशनं सांग. आता उलटी सांग. विरार, नालासोपारा, वसई रोड, नायगाव, भाईंदर, मीरा रोड, दहिसर, बोरिवली. हे या पट्ट्यातल्या पोराला झोपेतही येतं. जो भाईंदरनंतर गप्प होतो त्याला मी आत सोडत नाही. अर्थात याचे गुण लिहायचे नसतात, ही माझी युक्ती आहे, चाचणी नव्हे.

३. त्या दिवशीचं ‘ठीक आहे’ कच्चं असतं.

ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स. जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेला लागला. तो मैदान सोडून गेला, तपासण्या उत्तीर्ण झाला, परत येऊन ९२ पर्यंत पोहोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड, गरगरल्यासारखं. मग त्याला सामन्यातून काढलं आणि मार्नस लाबुशेन बदली उतरला. कसोटी क्रिकेटमधला तो पहिला कन्कशन बदली खेळाडू. हा नियम त्याच महिन्यापासून लागू झाला होता. जगातल्या उत्तम वैद्यकीय पथकाच्या हातातून जे निसटतं, ते चिखलात स्प्रे घेऊन उभ्या असलेल्या माझ्या हातून निसटणारच. म्हणून संशय आला की त्या दिवशी परत खेळ नाही. तपासणी चांगली आली तरी नाही.

एक गैरसमज इथेच निपटते. ‘रात्रभर झोपू देऊ नका’ हे आजीचं सांगणं अजून चालू आहे. डॉक्टरांनी बघितलं असेल, धोक्याची खूण नसेल, तर झोपू द्या. झोप हे औषध आहे. पहिली रात्र एकटं मात्र सोडायचं नाही.

४. खेळाडूला विचारा, पण उत्तर आईकडून घ्या.

सगळे खोटं बोलतात. मी शिव्या देत नाही, मीही त्या वयात घोटा मुरगळलेला लपवून धावले होते. ‘मॅडम, आता बरं वाटतंय’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी सुरावरून ओळखते. लवकर म्हटलं, नजर मैदानाकडे ठेवून म्हटलं, तर खोटं.

मोसमाच्या सुरुवातीला सगळ्यांची तपासणी करून ठेवायची, म्हणजे मार लागल्यावर ताडून बघता येतं, अशी पद्धत मी सुरू केली. दुसऱ्याच वर्षी एका क्रिकेट संघातल्या चार मुलांचे आकडे संशयास्पद वाईट आले. चौकशी केली तेव्हा कळलं, मुद्दाम चुकले होते. उद्या डोक्याला लागलं तरी ‘आधीपासूनच असा आहे’ असं दिसावं म्हणून. इतकी अक्कल गणितात चालवली असती तर! पळून दमलेल्या मुलाचा तोलही जातो, म्हणून तपासणीआधी दहा-पंधरा मिनिटं बसवायचं हेही तेव्हाच शिकले.

आता लक्षणांचा कागद मी घरी देते आणि आईला भरायला सांगते. मुलगा ‘डोकेदुखी शून्य’ लिहितो. आई सांगते: टीव्हीचा आवाज कमी कर म्हणतो, धाकट्या भावावर खेकसतो, जेवताना ताटाकडे बघत बसतो, बोंबलाचा वास सहन होत नाही. एका आईने मला सांगितलं, ‘ताई, तो बरा आहे हो, फक्त आमचा वाटत नाही.’ ते पोर त्या आठवड्यात मी कुठेच पाठवलं नाही.

५. अंधाऱ्या खोलीचा सल्ला मी दिला होता, आणि तो चुकीचा होता.

बरीच वर्षं मी सांगत असे: पडदे ओढा, मोबाइल काढून घ्या, डोकेदुखी पूर्ण थांबेपर्यंत उठू देऊ नका. तेव्हा सगळेच असं सांगत. आगाशीकडच्या एका कबड्डीपटूला मी सोळा दिवस असं ठेवलं. चढाई करणारा, अंगात पारा असलेला मुलगा. सोळाव्या दिवशी त्याची डोकेदुखी होतीच, वर झोप गेली, भूक गेली आणि तो रडायला लागला. मेंदू बरा होत होता की नाही देवाला ठाऊक, मुलगा मोडत चालला होता.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला या विषयातल्या तज्ज्ञांची परिषद झाली, तिचं निवेदन २०२३ मध्ये आलं. त्यात स्पष्ट आहे: एक ते दोन दिवस बेताची विश्रांती, घरातल्या घरात वावर चालू, पडद्यांवरचा वेळ कमी. त्यानंतर हलकं चालणं सुरू. डोकेदुखी थोडी असली तरी चालतं, लवकर सुरू केलेला हलका व्यायाम बरं व्हायला मदतच करतो. मोजमापही दिलं आहे: दहापैकी दोन गुणांपेक्षा जास्त त्रास वाढता कामा नये, आणि वाढला तर तासाभरात खाली यायला हवा.

त्या आगाशीच्या मुलाला मी नंतर भेटून सांगितलं की सल्ला माझा चुकला. तो हसला आणि म्हणाला, ‘मला वाटलंच होतं.’

६. मैदानाआधी शाळा, आणि दोन्हींच्या आधी विरार लोकल.

शाळा आधी, हे सगळीकडे लिहिलेलं सापडेल. आधी घरी अर्धा तास वाचन, मग अर्धी शाळा, मग पूर्ण, मग परीक्षा. जो गणिताचा तास सोसू शकत नाही त्याने कॉर्नर घ्यायचा नाही. दहावी-बारावीच्या क्लासवाल्यांना हे पटवणं हा वेगळा खेळ आहे, त्यात मी बऱ्याचदा हरते.

लोकलचं मात्र कुठल्या निवेदनात नाही. विरारच्या पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस शिल्डला ५४६ धावा केल्या, आणि इथल्या कितीतरी घरांत मुलाच्या खांद्यावर किट आली. ही मुलं पहाटे उठून आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क गाठतात. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, सव्वा-दीड तास. उभ्याने. किटबॅग पायांत, पंख्याची घरघर, भजनी मंडळाच्या झांजा, दारातून सरकत जाणारे खांब, दर स्टेशनला ढकलाढकली. कानातल्या तोलाच्या यंत्रणेला आणि डोळ्यांना इतकं काम देणारी कसरत मी क्लिनिकमध्ये तयार करूनही देऊ शकत नाही.

एकदा एक यष्टिरक्षक माझ्याकडे सगळ्या पायऱ्या छान चढला, नेट्सला गेला आणि तिथे पोहोचेपर्यंतच पांढरा पडला. प्रशिक्षकांनी फोन केला, ‘याला काहीच केलेलं नाही हो, नुसता आलाय.’ तेव्हा लक्षात आलं. आता मी गाडीच्याही पायऱ्या करते. आधी रविवारी दुपारी नायगावच्या फलाटावर नुसतं बसायचं, दोन-चार गाड्या जाऊ द्यायच्या. मग धिम्या गाडीने एक स्टेशन. मग बसून बोरिवली. सकाळची जलद गाडी सर्वांत शेवटी, तीही पहिल्या दिवशी किट न घेता. पालकांना हे ऐकून हसू येतं. मुलांना येत नाही.

आणि एक: आझाद मैदानावर शेजारशेजारच्या खेळपट्ट्यांची क्षेत्रं एकमेकांत घुसलेली असतात. आपल्या सामन्यात सीमारेषेवर उभं राहिलेल्या मुलाच्या पाठीत दुसऱ्याच सामन्यातला चेंडू येतो. मान झटकन वळवणं, ओझरत्या नजरेने चेंडू टिपणं जमत नसेल तर ‘फक्त फिल्डिंग करेल’ ही सवलत नव्हे.

७. पायऱ्या सहा, उडी मारायची नाही.

पहिली, रोजचं चालणंफिरणं. दुसरी, दम लागेल असा व्यायाम, आधी हलका, मग मध्यम. तिसरी, आपल्या खेळाच्या एकट्याने करायच्या हालचाली. चौथी, संघाबरोबर सराव, पण अंगाला अंग न लावता. पाचवी, पूर्ण सराव. सहावी, सामना. प्रत्येक पायरीवर निदान चोवीस तास. पहिल्या तिन्हींवर थोडी लक्षणं असली तरी चालतं. चौथीवर पाय ठेवण्याआधी लक्षणं पूर्ण गेलेली हवीत, जोर केल्यावरही न उलटलेली हवीत, आणि डॉक्टरांची परवानगी हवी. अगदी सुरळीत गेलं तरी आठवडा जातोच, मुलांमध्ये चार आठवडेसुद्धा नेहमीचेच. त्यापुढे रेंगाळलं तर मान, डोळे, तोल, झोप, मन असं एकेक वेगळं तपासायला हवं. कितीदा तरी ‘डोकेदुखी’ मानेतून येत असते आणि मान मोकळी केली की आठवड्यात उतरते.

दुसऱ्या पायरीवर पोरं फसवतात. हलकं म्हणजे कमाल ठोक्यांच्या पंचावन्न टक्के, मध्यम म्हणजे सत्तर. पंधरा वर्षांच्या मुलाची कमाल ढोबळमानाने २०५ धरली तर हलकं ११३ पर्यंत, मध्यम १४४ पर्यंत. घड्याळ लागत नाही. मनगटावर पंधरा सेकंद मोजा, चारने गुणा. मी सुरुवात डांबरी रस्त्यावर करते, सुरूच्या बागेच्या किनाऱ्यावर नाही. ओल्या वाळूत चालताना ठोके भराभर चढतात आणि पाय अंदाज न देता बुडतात.

तिसरीपासून प्रत्येक खेळाचं आपलं शहाणपण लागतं. कबड्डीत आधी रिकाम्या मैदानावर एकट्याने चढाई, दम घुमवत, बोनस रेषेपर्यंत. चौथ्या पायरीवर साखळी धरायची, सरकायचं, पण पकड नाही. खरी पकड पाचवीवर. फुटबॉलमध्ये हेडर सर्वांत शेवटी. खो-खोत पाठलाग आधी, उठाबशा मोजून, कारण खाली बसून झटकन उठताना भोवळ येते. खांबावर सूर शेवटी. क्रिकेटमध्ये टेनिस चेंडूचे थ्रोडाउन, मग फिरकी, मग वेगवान. यष्टिरक्षण आणि फलंदाजाजवळचं क्षेत्ररक्षण सर्वांत उशिरा.

जिथे मैदानावर डॉक्टर नाही, म्हणजे आमच्याकडच्या गावच्या बहुतेक स्पर्धांत, तिथे मी ब्रिटनने २०२३ मध्ये हौशी खेळांसाठी काढलेला नियम वापरते: सामना एकविसाव्या दिवसाआधी नाही. मोजायला सोपा आहे, आणि मंडळाच्या अध्यक्षाशी हुज्जत घालताना ठोस आकडा असला की बरं पडतं.

८. टर्फवरच्या चाळिशीतल्या माणसाला कुणी विचारत नाही.

रात्री अकराचा स्लॉट, ऑफिसचा संघ, जाळीचा लोखंडी खांब. सकाळी सहाला तो माणूस गाडीत. त्यालाही हेच सगळं लागू आहे, बाइक चालवण्यासकट.

९. सगळ्यांना कागद हवा असतो.

३१ जानेवारी २०२५ ला पुण्याजवळ गहुंज्यात भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी होती. शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर बसला. त्याच्या जागी उतरलेल्या हर्षित राणाने तीन बळी घेतले आणि दोन दिवस सगळा देश एकाच गोष्टीवर भांडला: अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज कसा? दुबेच्या डोकेदुखीची चर्चा मी तरी फारशी ऐकली नाही. २ फेब्रुवारीला तो वानखेडेवर फलंदाजी-गोलंदाजी दोन्ही करत होता. त्याला ज्यांनी तपासलं त्यांनी काय पाहिलं ते त्यांना ठाऊक, मी त्या खोलीत नव्हते. पण सोमवारी माझ्या क्लिनिकमध्ये तीन पालकांनी तेच उदाहरण दिलं. ‘दुबे दोन दिवसांत खेळला, आमच्याला तीन आठवडे?’ त्याच वर्षाच्या मध्यात आयसीसीने कन्कशननंतर किमान सात दिवस बाहेर बसण्याची अट घातली. मी त्याची बातमी छापून भिंतीवर लावली आहे. निष्ठा म्हणून नव्हे, घसा वाचतो म्हणून.

कागद म्हणजे ‘फिट आहे’ असं लिहिलेलं. तो मिळवायला वसईत पाच मिनिटं आणि थोडे पैसे पुरतात, हे मला माहीत आहे. म्हणून मी पालकांना कागद नाही देत, वही देते: तारीख, पायरी, आधीचे गुण, नंतरचे गुण. डॉक्टर ती वही बघून सही करतात.

१०. थांबवलेल्यांचं काय झालं ते विचारायचं धैर्य ठेवावं.

नरी कॉन्ट्रॅक्टरना १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागला. कवटी फुटली, जीव वाचवायला रक्त देणाऱ्यांत विरुद्ध संघाचे फ्रँक वॉरेल होते, आपले चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी होते. कॉन्ट्रॅक्टर पुढे प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळले. कसोटी पुन्हा मिळाली नाही. डोक्यात बसवलेली धातूची पट्टी काढली २०२२ मध्ये, साठ वर्षांनी. ऑस्ट्रेलियाच्या विल पुकोव्स्कीचं उलटं. भारताविरुद्ध सिडनीला पदार्पणात अर्धशतक, आणि एकामागून एक कन्कशननंतर २०२५ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी निवृत्ती. किती कन्कशन झाली की थांबायचं, याचा ठरीव आकडा नाही. दर वेळी कमी जोराच्या माराने होतंय का आणि बरं व्हायला आधीपेक्षा जास्त दिवस लागतायत का, हे मी बघते. दोन्हींचं उत्तर हो आलं की मेंदूतज्ज्ञांकडे पाठवते.

माझ्याकडची गोष्ट इतकी मोठी नाही. पंधरा वर्षांची खो-खोपटू, खांबावर सूर मारताना कपाळ आपटलं. वर्षभरातलं दुसरं. निवड चाचणी बाराव्या दिवशी. अकराव्या दिवशी ती चौथ्या पायरीवर होती आणि पाठलागाच्या सरावानंतर तिने, खरं बोलून, कागदावर ‘डोकं दुखतं, तीन’ असं लिहिलं. मी डॉक्टरांना तेच सांगितलं. सही झाली नाही.

तिचे वडील रिक्षा चालवतात. माझ्या टेबलासमोर उभे राहिले, बसले नाहीत. ‘तीन वर्षं पहाटे पाचला सोडतोय मॅडम हिला मैदानावर. तीन म्हणजे किती दुखतं? मला रोज पाच दुखतं.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. नारळाची उपमा त्या दिवशी तोंडातून निघाली नाही.

पुढच्या वर्षी ती चाचणीला गेली, निवडली गेली नाही. मग मैदानावर दिसेनाशी झाली.

मागच्या दिवाळीत वसई रोड स्टेशनबाहेर पापडीच्या रांगेत उभी होते. माझी पाळी आली ती रिक्षा त्यांची निघाली. मागे आम्ही तिघी. मला आरशात दिसलं, त्यांनी ओळखलं होतं. अंबाडीपर्यंत मी गप्प बसले, मग विचारलं, ‘कशी आहे?’

‘नर्सिंगला आहे. दुसरं वर्ष.’

‘डोकं दुखतं का कधी?’

‘नाही.’

‘खेळते?’

त्यांनी हॉर्न वाजवला, पुढे काही नव्हतं. पापडीला उतरून मी शंभरची नोट दिली. त्यांनी सुटे मोजले, माझ्या हातावर ठेवले, ‘बघून घ्या’ म्हणाले आणि रिक्षा वळवली.